वारीच्या वाटेवरील लंघन

ज्येष्ठ वद्यात देहूहून निघालेली श्री तुकोबारायांची पालखी यवत, वरवंड, उंडवडी ही गावे मागे टाकून मोरोपंतांच्या बारामतीस येते, तेव्हा तेथील चुली पहाटेच पेटलेल्या असतात. पुढे काटेवाडीस धोतरांच्या पायघड्या व मेंढ्यांचे रिंगण, सणसरचा मुक्काम, बेलवाडीचे गोल रिंगण, निमगाव केतकी आणि मग इंदापूर. या वाटेवर वारकऱ्याच्या पात्रात काय पडते आणि वाढणाऱ्या यजमानाच्या पात्रात वर्षभर काय पडते, याचा थोडा विचार या पानावर करावा असे आम्हांस वाटले. निमित्त आहे ते कोलेस्टेरॉल या हल्ली घरोघर ऐकू येणाऱ्या शब्दाचे.

आयुर्वेदात हा शब्द नाही. तेथे मेद हा धातू आहे, आणि तो अवाजवी वाढून स्रोतसांचा मार्ग अडवितो असे वर्णन आहे. मेद म्हणजेच कोलेस्टेरॉल असे समीकरण मांडणे धाडसाचे होईल. अंगाने सडसडीत असलेल्या माणसाचेही कोलेस्टेरॉल वाढलेले आढळते. परंतु चरकाचार्यांनी अतिस्थूलतेची जी कारणे सांगितली, ती वाचताना आपलेच घर डोळ्यांपुढे येते. पोटभर जेवणावर आणखी जेवण, गोड व स्निग्ध पदार्थांची रेलचेल, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप. आणि या सर्वांसोबत बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेला वारसा. हे शेवटचे कारण विसरू नये. कित्येक घराण्यांत पथ्य पाळूनही रक्तातील कोलेस्टेरॉल चढेच राहते, कारण त्याचा मोठा भाग आपले यकृतच तयार करीत असते.

यावर उपाय लंघन. लंघन म्हणजे केवळ उपाशी राहणे, असा आपला समज असतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात लंघनाचे दहा प्रकार दिले आहेत. त्यांतील चार शोधनाचे व एक पाचनाचा, हे वैद्याच्या हातचे. उरलेले पाच म्हणजे उपवास, तहान, वारा, ऊन आणि व्यायाम. वाचकहो, वारी याहून वेगळी काय आहे? दररोज पंधरा-वीस किलोमीटर चालायचे, उन्हावाऱ्यात चालायचे, आणि एकादशी आली की निराहार वा फलाहार. आमच्या पूर्वजांनी हे आरोग्यासाठी केले नाही, विठ्ठलासाठी केले. पण देहाचे हित त्यात आपोआप साधत गेले. अर्थात लंघन हे रोग्याचे बळ पाहून करावयाचे असते. वृद्धाने उन्हात तहान मारून चालणे हे लंघन नव्हे, ते संकटास आमंत्रण होय.

आमच्या उपवासाचे मात्र काय झाले आहे! ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण काही उगीच पडली नाही. साबुदाण्याची तुपात भिजलेली खिचडी, तळलेले वडे, बटाट्याचा कीस, वर गोड लस्सी. साबुदाणा ज्या कंदाच्या पिठापासून होतो, तो मूळचा दक्षिण अमेरिकेतील; त्यात पिष्टाखेरीज फारसे काही नाही. शेंगदाणा स्वतः वाईट नव्हे, वाईट ते प्रमाण. तुपाचेही तसेच. आयुर्वेदाने तुपाची थोरवी गायिली हे खरे, पण मेद वाढलेल्या माणसाने ते वाटीने घ्यावे असे कोठेही म्हटलेले नाही. मधाच्या बाबतीत तर गंमतच आहे. मेदावर मध सांगितला, म्हणून लोक तो रोज सकाळी कढत पाण्यात घालून पितात. आणि उष्ण मध घेऊ नये असे त्याच ग्रंथात बजावले आहे.

मेदस्वी माणसासाठी चरकांनी सांगितलेले अन्न या दोन तालुक्यांस परके नाही. सातू, सावा, मूग, कुळीथ, आवळा, ताक. त्या यादीतील एका धान्याचा अर्थ टीकाकार ज्वारी असा करतात. कुळीथ म्हणजे आपला हुलगा. नीरेचा कालवा येण्यापूर्वी बारामती-इंदापूरच्या कोरडवाहू घरांत भाकरी आणि हुलग्याचे माडगे हेच रोजचे जेवण असे. कालव्यामागून ऊस आला, साखर कारखाने आले, सुबत्ता आली. आणि माडगे गरिबीची खूण ठरून चुलीवरून उतरले. सुबत्तेबद्दल आमची तक्रार नाही. तथापि सातूतील विशिष्ट तंतू कोलेस्टेरॉल काही अंशी उतरवितात हे आजचे शास्त्रही मान्य करते, आणि डाळी-कडधान्यांचाही तसाच लाभ दिसतो. पालखीच्या पंगतीत पुरी-शिऱ्याच्या जोडीस माडगे आणि ताजे ताक ठेवावयास काय हरकत आहे?

आता देवघरातील धुपाच्या गुग्गुळाविषयी. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाचे वर्णन आधारास घेऊन काशी हिंदू विश्वविद्यालयात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी सशांवर गुग्गुळाचे प्रयोग केले. त्यांचा प्रबंध १९६६ चा. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने त्यापासून औषधही तयार केले. आपल्याकडील प्रयोगांत गुण दिसला. परंतु अमेरिकेत झालेल्या एका चाचणीचा निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात अपायकारक कोलेस्टेरॉल घटण्याऐवजी किंचित वाढलेलेच आढळले, आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. तेव्हा गुग्गुळाच्या गोळ्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणून घेऊ नयेत. वैद्यास विचारावे, आणि चालू असलेली औषधे त्यास अवश्य सांगावीत.

याच कारणाने एक गोष्ट स्पष्ट लिहावीशी वाटते. गळ्यात तुळशीमाळ आहे, रोज चालणे घडते आहे, म्हणून हृदयाची वा कोलेस्टेरॉलची गोळी पंढरपूर येईतो बंद ठेवणारे भाविक वारीत भेटतात. त्यांची श्रद्धा आम्हांस वंदनीय आहे. पण हृदयाच्या नळीत जाळी बसविलेल्या माणसाने रक्त पातळ ठेवणारी गोळी अचानक सोडली, तर ती नळी पुन्हा बंद होऊ शकते. उपवासाच्या दिवशी गोळी घेतल्याने उपवास मोडत नाही. घरचे वडीलधारे दिंडीत निघत असतील, तर त्यांच्या पिशवीत पंढरपूरपर्यंत पुरतील इतकी औषधे, त्यांच्या वेळा लिहिलेला कागद आणि पाण्याची बाटली सुनेने वा नातवाने स्वतः भरावी. छातीत दडपण आले, हातात वा जबड्यात कळ गेली, दरदरून घाम सुटला, तर पुढचे गाव गाठण्याची वाट न पाहता तेथेच बसावे व १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. दिंडीतील माणसे माउलीस सोडून पुढे जात नाहीत.

इंदापूरचे रिंगण आटोपून पालखी सराटीस पोचली की नीरेत पादुकांस स्नान घडते आणि वारी सोलापूर जिल्ह्यात उतरते. मागे राहिलेल्या घरांत चातुर्मासाचे नेम ठरू लागतात. कोणी कांदा-लसूण सोडतो, कोणी एकभुक्त राहतो. यंदा एखाद्या घराने एकादशीस साबुदाण्याऐवजी वरई, ताक आणि एखादे फळ एवढ्यावरच राहण्याचा, आणि सायंकाळी देवळापर्यंत पायी जाण्याचा नेम धरला, तर कार्तिकीस रक्त तपासून त्याचे फळ आम्हांस अवश्य कळवावे.