संथ लयीचे वारस

अमेरिकेतील टेक्सास राज्यात ह्यूस्टन नावाचे महानगर आहे. दरवर्षी २७ जून उजाडला की या शहराच्या दक्षिण भागातील वस्त्यांमधून एक जुने ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकू येऊ लागते. १९९६ साली एका मित्राच्या वाढदिवसाचे निमित्त साधून काही तरुण एका घरात जमले आणि संथ केलेल्या तालावर, एकामागून एक, अर्ध्या तासाहून अधिक काळ उत्स्फूर्त शब्दरचना करीत राहिले. त्या बैठकीला ना कोणा कंपनीचा आश्रय होता, ना जाहिरातीचा आधार. तरीही ती तारीख त्या वस्त्यांच्या दिनदर्शिकेत सणासारखी जाऊन बसली. ज्याने हे मुद्रण केले तो रॉबर्ट अर्ल डेव्हिस, अर्थात डीजे स्क्रू, १६ नोव्हेंबर २००० रोजी वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी मरण पावला. जूनमध्ये उत्सव आणि नोव्हेंबरमध्ये शोक, असा हा क्रम चालत आला आहे. आणि या दोहोंमधील सीमारेषा दिवसेंदिवस पुसट होत गेली आहे.

एखाद्या लोकप्रिय कलावंताच्या मृत्यूनंतर चाहत्यांनी हळहळावे, यात नवल नाही. परंतु ज्याचे नाव हयातीत त्याच्या शहराबाहेर फारसे ठाऊक नव्हते, त्याच्याविषयी दोन तपांनंतरही हा जिव्हाळा टिकून राहावा, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. तिची कारणे केवळ संगीतात शोधून भागणार नाही. ती त्या शहराच्या आर्थिक इतिहासातही शोधावी लागतील.

मंदीतील शहर, मंद केलेले गीत

१९७१ साली टेक्सासमधील एका लहान गावाच्या परिसरात जन्मलेल्या या मुलाचे वडील मालमोटार चालवीत. आईच्या संग्रहातील तबकड्या वाजवीत तो शिकला. न आवडलेल्या तबकडीवर तो स्क्रूने ओरखडे काढी, म्हणून मित्रांनी त्याला तेच नाव दिले, असे सांगितले जाते. पुढे ह्यूस्टनमध्ये त्याने एक पद्धत सिद्ध केली. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावायच्या. एकीवरील शब्द दुसरीवर पुन्हा उचलून त्यांची आवर्तने करायची. आणि शेवटी साऱ्या मुद्रणाचीच गती कमी करायची. गती उतरली की स्वरही खाली उतरतो. आवाज जड, खोल, जणू पाण्याखालून आल्यासारखा वाटू लागतो. गाणारा काय म्हणतो आहे ते लोकांना नीट कळावे, हा आपला हेतू असल्याचे तो सांगे.

ज्या शहरात हे घडले त्याचे वैभव तेलावर उभे होते. १९८० नंतरच्या दशकात तेलाचे भाव कोसळले, तेव्हा ह्यूस्टन परिसरातील दोन लाखांहून अधिक रोजगार बुडाले. अशा मंदीचा पहिला आणि सर्वांत दीर्घ फटका कोणाला बसतो, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. दक्षिण भागातील कृष्णवर्णीय वस्त्यांमधील तरुणांना न्यू यॉर्क आणि लॉस एंजेलिस येथील संगीतव्यवसायाची दारे बंद होती. दक्षिणेकडील रॅपला तेथील जाणकार दुय्यम लेखीत. भांडवल नाही, पत नाही, बाजारात ओळख नाही, अशा अवस्थेत या तरुणाने बाजाराची वाट न पाहता स्वतःचाच बाजार उभा केला.

दहा डॉलरची कॅसेट

त्या बाजाराची रीत साधी होती. ग्राहक आपल्या पसंतीच्या गाण्यांची यादी देई आणि स्क्रू त्याच्यासाठी शंभर मिनिटांची कॅसेट तयार करी. मध्येच ग्राहकाचे, त्याच्या मित्रांचे, त्याच्या गल्लीचे नाव घेतले जाई. मग तिच्या प्रती निघत आणि प्रत्येकी दहा डॉलरना विकल्या जात. संध्याकाळी त्याच्या घरासमोर मोटारींच्या रांगा लागू लागल्या, तेव्हा येथे अमली पदार्थांची विक्री होत असावी असा पोलिसांना संशय आला. त्यांच्या हाती लागल्या त्या कॅसेट. १९९८ मध्ये त्याने रीतसर दुकान थाटले. त्याच्या नावावर तीनशेहून अधिक मुद्रणे मोजली जातात.

आपल्याकडेही कॅसेटने एके काळी गावोगावच्या गायकांना मोठ्या कंपन्यांच्या कचाट्यातून सोडविले होते, हे ज्यांना आठवते त्यांना या व्यवहाराचे मर्म सहज उमगेल. स्वस्त तंत्र हाती आले की उत्पादक आणि ग्राहक यांच्यातील अंतर मिटते. येथे तर ग्राहकाचे नावच मालावर उमटत होते. ज्या तरुणांचे नाव वर्तमानपत्रात आले तर ते गुन्ह्याच्या बातमीतच येण्याचा संभव होता, त्यांचे नाव या कॅसेटमध्ये आदराने घेतले जात असे. त्या दहा डॉलरमध्ये गाण्याबरोबर प्रतिष्ठाही विकत मिळत होती. आणि तिचे मोल कोणत्याही ताळेबंदात मांडता येत नाही.

या वैभवाला एक कायदेशीर व्यंगही होते, हे नाकारता येणार नाही. मूळ गाणी इतरांची होती आणि त्यांच्या वापराचे हक्क बव्हंशी घेतलेले नव्हते. त्यामुळे स्क्रूच्या कामावर त्याची स्वतःची मालकी पक्क्या स्वरूपात कधी प्रस्थापित होऊच शकली नाही. परिणाम व्हायचा तोच झाला. त्याच्या मृत्यूनंतर पाचच वर्षांनी, २००५ मध्ये, ह्यूस्टनचे काही रॅप गायक देशभर गाजले. पॉल वॉल याचा अल्बम अमेरिकेच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेला. मोठ्या कंपन्या आपल्या अल्बमच्या ‘संथ’ आवृत्त्या काढू लागल्या. अलीकडे जगभरची मुले कोणतेही गाणे मंद करून, त्यात घुमारा मिसळून ऐकतात, आणि त्यांतील बहुतेकांना ही युक्ती कोठून आली याची वार्ताही नसते. कायद्याने ज्याचे रक्षण केले नाही त्याच्या नावाचे रक्षण अखेर चाहत्यांच्या स्मरणालाच करावे लागले. स्मृतिदिनाचा त्यांचा आग्रह हा अशा अर्थाने निव्वळ भावनेचा विषय राहत नाही. तो मालकीहक्काचा दावा ठरतो.

शोकाची लांबत गेलेली यादी

शोकाचे प्रसंगही एकापाठोपाठ एक येत गेले. स्क्रूच्या मित्रमंडळाला ‘स्क्रूड अप क्लिक’ म्हणत. त्यांतील फॅट पॅट १९९८ मध्ये गोळीबारात मारला गेला. त्याचा भाऊ हॉक २००६ मध्ये तसाच गेला. २००७ मध्ये बिग मो मरण पावला. १९९६ च्या त्या वाढदिवसाच्या मुद्रणात ज्याचा आवाज विशेष गाजला तो बिग पोकी कार्यक्रम चालू असताना रंगमंचावरच कोसळला आणि १८ जून २०२३ रोजी निवर्तला. २७ जूनला तेव्हा अवघे नऊ दिवस उरले होते. त्या वर्षी उत्सव आणि सुतक एकाच आठवड्यात आले.

आणखी एक नाव साऱ्या जगाला ठाऊक आहे. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिस येथे पोलिसाच्या गुडघ्याखाली प्राण गेलेला जॉर्ज फ्लॉइड ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्डमध्ये वाढलेला होता आणि ‘बिग फ्लॉइड’ या नावाने त्याने स्क्रूच्या कॅसेटवर रॅप केलेले होते. जगाने त्याचा अखेरचा क्षीण आवाज ऐकला. त्याच्या शहरातील लोकांपाशी मात्र त्याचा दुसराही आवाज होता, तारुण्यातील, भारदस्त, मित्रांच्या घोळक्यातला. माणूस केवळ बळी म्हणून स्मरणात राहू नये, ही सोय त्या दहा डॉलरच्या कॅसेटने करून ठेवली होती.

तथापि स्मरणाला विवेकाची जोड नसेल तर ते घातक ठरते. स्क्रूचा मृत्यू कोडीनच्या अतिसेवनाने, अन्य अमली द्रव्यांच्या मिश्रणासह, झाल्याचे तपासणीत आढळले. खोकल्याचे औषध सोड्यात मिसळून पिण्याची जी चाल या वर्तुळात रुजली, तिचे गोडवे गाण्यांतून गायिले गेले. २००० सालच्या बिग मोच्या अल्बमने तर शहरालाच ‘सिरपचे शहर’ म्हटले. टेक्सासचाच नामवंत रॅप गायक पिंप सी डिसेंबर २००७ मध्ये गेला, त्यातही या औषधाचा वाटा होता. संथ संगीत हे त्या पेयाचे अपत्य आहे, हा समज स्क्रूच्या निकटवर्तीयांनी वारंवार खोडून काढला आहे, आणि तो खोडून काढणे योग्यच आहे. परंतु ज्या मेळाव्यात त्याच्या चित्राला अभिवादन होते त्याच मेळाव्यात तो पेला उंचावला जात असेल, तर ती आदरांजली नव्हे. मृत्यूचे कारणच मृताचे प्रतीक होऊन बसावे, यापरता दैवदुर्विलास नाही.

वारसा कोणाचा?

ह्यूस्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयाने स्क्रूच्या तबकड्यांचा संग्रह जतन केला आणि २०१२ मध्ये त्याचे प्रदर्शन भरविले. एके काळी ज्या घरावर पोलिसांचा संशय होता, त्या घरातील वस्तू आता अभ्यासकांसाठी काळजीपूर्वक राखल्या जातात. हा मान उचितच होय. पण ग्रंथालय वस्तू सांभाळू शकते. सवय सांभाळू शकत नाही. ती सांभाळतात ती आजही काचा खाली करून, मोटार सावकाश हाकीत ही गाणी ऐकणारी माणसे.

स्टाफान लिंडर या स्वीडिश अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक मार्मिक विचार मांडला होता. उत्पन्न वाढते तसा वेळ महाग होतो आणि माणूस थोड्या वेळात अधिकाधिक वस्तू उपभोगण्याच्या घाईला लागतो. सुबत्तेबरोबर फुरसत वाढण्याऐवजी ओढाताणच वाढते. या दृष्टीने पाहता, गाणे मुद्दाम लांबविणाऱ्या, एकच ओळ पुनःपुन्हा ऐकविणाऱ्या या तरुणाने त्या घाईला आपल्या परीने नकार दिला, असे म्हणता येईल. ज्यांच्यापाशी अन्य संपत्ती नव्हती त्यांना त्याने वेळ दिला. त्याचे स्वतःचे आयुष्य मात्र भरधाव संपले. त्याच्या चाहत्यांना खरोखर काही राखायचे असेल तर त्यांनी ती संथ लय राखावी आणि तो पेला खाली ठेवावा. मित्रांची नावे आदराने घेण्याची जी रीत त्याने घालून दिली तिचाही अर्थ हाच की ज्यांची नावे घ्यायची ती माणसे दीर्घकाळ जगली पाहिजेत.