तिसऱ्या मजल्यावरील टोमॅटो

वाड्याचे परसू सुटले आणि आमच्या मातोश्रींचे बोलणे निम्म्यावर आले. इंदूरच्या रामबागेतील आमचा जुना वाडा २०१९ साली भाऊबंदांच्या संमतीने विकला गेला आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत राहावयास आलो. परसात कढीलिंब होता, अळू होते, प्राजक्त होता. पावसाळ्यात कुंपणावर दोडक्याचा वेल चढे. नव्या घरात मातोश्रींच्या वाट्याला आली ती नऊ फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद अशी दक्षिणाभिमुख गॅलरी. त्यांनी एका शब्दानेही तक्रार केली नाही. दुपारी खुर्ची टाकून त्या गॅलरीत बसत आणि समोरच्या भिंतीकडे पाहत. तक्रार केली असती तर बरे, असे आम्हांला वाटे.

त्याच हिवाळ्यात आमच्या एका माजी विद्यार्थ्याने पुण्याहून बियांची पुडी आणून दिली. तीवर 'टायनी टिम' असे नाव होते. डिकन्सच्या 'ए ख्रिसमस कॅरल' या कथेतील लहानग्या मुलाचेही हेच नाव. झाड फूट-दीड फुटाहून वाढत नाही, आठ इंची कुंडीत मावते, आणि त्याला बोराएवढे लाल टोमॅटो लागतात, अशी माहिती त्याने पुरविली. आम्ही मुख्याध्यापक, माहिती मिळाली की ज्ञान झाले, असे समजण्याची आम्हांला सवय. मातोश्रींना न विचारता आम्ही फेब्रुवारी २०२० च्या पहिल्या आठवड्यात बी पेरले.

पुढे जे घडले ते सविस्तर सांगितले पाहिजे, कारण ह्या झाडाविषयी आम्ही जे शिकलो ते सर्व त्या फजितीतून. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी आली, शाळा बंद झाल्या, आणि दिवसभर रोपांकडे पाहण्यावाचून आम्हांस उद्योग उरला नाही. पाहिले की पाणी घालावेसे वाटे. पाने काळपट हिरवी आणि सुरकुतलेली दिसली, तेव्हा हा पाने मुरडण्याचा रोग असे ठरवून आम्ही दोन रोपे उपटून टाकली. उरलेल्या चारांना जोम यावा म्हणून चमचाभर युरिया दिला. कोठेतरी वाचले होते की टोमॅटोच्या बगलफुटी खुडाव्यात, त्याही खुडल्या. एप्रिलच्या मध्यास फुले आली, आणि आठवड्याभरात देठासकट गळून पडली. मे महिन्यात चार काटक्या राहिल्या.

ह्या सगळ्यात मातोश्री गप्प होत्या. शेवटी आम्हीच विचारले तेव्हा म्हणाल्या, "अरे, वैशाखात कुणी टोमॅटो लावतं का? तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही."

त्यांचे म्हणणे शास्त्रालाही धरून आहे. टोमॅटोचे झाड उन्हात वाढते, पण त्याचे फळ धरण्यासाठी रात्र थंड लागते. रात्रीचे तापमान तेरा ते एकवीस अंश असावे. ते चोवीसच्या वर राहू लागले, किंवा दिवसाचा पारा पस्तिशीपुढे गेला, की परागकण निकामी होतात आणि फूल गळते. माळव्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. तेथे खत, पाणी, माया, काही उपयोगी नाही.

बुटकेपणाचेही असेच. तो आजार नव्हे, ती त्या झाडाची जात. साधा टोमॅटो वेलासारखा वाढतच राहतो. सुमारे १९१४ साली अमेरिकेतील फ्लॉरिडात, ठराविक उंचीवर फुलोरा येऊन आपोआप थांबणारे एक झाड आढळले, आणि पुढच्या आटोपशीर जाती त्या गुणाच्या आधाराने निपजल्या. त्याला खुजेपणाच्या दुसऱ्या गुणाची जोड मिळाली की पेरे आखूड होतात, आणि पाने जाड, गडद व सुरकुतलेली. 'टायनी टिम' ही जात न्यू हॅम्पशायर विद्यापीठाने १९४५ साली प्रसृत केली. १९८९ साली फ्लॉरिडा विद्यापीठातून 'मायक्रो-टॉम' आली. ती तर वीतभरच. कुंडीच्या शोभेसाठी काढलेली ही जात आज जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधनासाठी वाढविली जाते. 'रेड रॉबिन' नावाची तिसरी बुटकी जात २०२२-२३ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात लावून पाहण्यात आली. जे झाड अंतराळात जाते त्याला आमची गॅलरी अपुरी पडण्याचे कारण नव्हते. अशा झाडाची वाढ मोजकी असल्यामुळे त्याच्या बगलफुटी खुडावयाच्या नसतात. तेथेच पुढची फुले येतात. आम्ही फळेच खुडली होती म्हणा ना!

उरलेल्या बिया मातोश्रींच्या स्वाधीन केल्या. त्यांनी पेरणीसाठी ऋषिपंचमी निवडली. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे खावयाचे नसते, परसातल्या भाज्यांवर भागवायचे असते. तेव्हा परसाची आठवण काढण्यास तोच दिवस बरा, असे त्यांचे म्हणणे. त्या वर्षी ती ऑगस्टच्या तेविसाव्या तारखेस आली. बाहेर पाऊस होता, पण गॅलरीला छप्पर असल्याने रोपे भिजली नाहीत. आठवड्यात बी रुजले. सप्टेंबरच्या अखेरीस चार-सहा पानांची रोपे कुंड्यांत लावली, खोड दोन बोटे मातीत जाईल अशी; टोमॅटोच्या खोडाला मातीत मुळे फुटतात.

मातीची गोष्ट आली म्हणजे इंदूरकरास थोडे थांबावेच लागते. आमची काळी माती शेतात सोने, पण कुंडीत ती ओली असताना चिखल आणि वाळली की वीट. म्हणून एक भाग माती, एक भाग कंपोस्ट आणि अर्धा भाग जाड वाळू असे मिश्रण केले. कंपोस्ट घरचेच. ज्या 'इंदूर पद्धती'ने जगभर कंपोस्ट करतात ती ह्याच गावची, हे आमच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. १९२४ साली येथे स्थापन झालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड ह्यांनी ती सिद्ध केली आणि १९३१ साली तिच्यावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथावर हॉवर्ड ह्यांच्या नावाशेजारी दुसरे नाव आहे ते यशवंत वाड ह्यांचे. आडनावावरून आमच्या वाचकांस ओळख पटावी. पालापाचोळा, शेण, गोमूत्र भिजलेली माती आणि राख ह्यांचे थर द्यावयाचे, ओल राखावयाची, तीन वेळा उलथावयाचे, की सुमारे तीन महिन्यांत खत तयार. आम्ही ते भोके पाडलेल्या जुन्या बादलीत केले. शेण गवळ्याकडून, बाकी सारे स्वयंपाकघरातून. ओला कचरा वेगळा काढण्याची सवय इंदुरात आता घरोघर झालीच आहे.

पाण्याचा अधिकार मात्र मातोश्रींनी आमच्याकडून काढून घेतला. मातीत बोटाचे दुसरे पेर बुडवून पाहावयाचे. कोरडे लागले तरच पाणी, तेही सकाळी आणि बुंध्याशी. दोन दिवस कोरडे आणि तिसऱ्या दिवशी पूर, असे केले की फळ तडकते. किंवा त्याचा खालचा भाग काळा पडून बसतो. दुसऱ्या प्रकाराला पुष्कळजण कीड समजून औषध फवारतात. वास्तविक पाण्याच्या अनियमितपणामुळे फळापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही, एवढेच त्याचे कारण. खऱ्या रोगाची भीती पांढऱ्या माशीची. ती पाने मुरडणारा विषाणू आणते आणि त्याला औषध नाही. रोगट पान वर वळते, कडेने पिवळे पडते, झाड खुंटते. असे रोप मात्र ताबडतोब काढून टाकावे. निरोगी बुटक्या झाडाचे पान सुरकुतलेले असले तरी गडद हिरवे असते. हा भेद आम्हांला दोन रोपांचा बळी दिल्यावर कळला.

दसऱ्याला पहिले फूल दिसले. ह्या फुलात नर आणि मादी भाग एकत्रच असतात. वारा किंवा भुंगा ते हलवितो आणि काम भागते. बंद गॅलरीत दोन्ही नसल्याने मातोश्री रोज दहाच्या सुमारास चमच्याच्या दांड्याने फुलोऱ्याच्या देठाला हलकेच टिचकी मारीत. दिवाळी होऊन आठ-दहा दिवसांत पहिले फळ लाल झाले. पुढचा महिना म्हणजे नुसता रंगांचा. एकाच फांदीवर हिरवे, मग पांढरट, मग पिवळसर, नारिंगी आणि टोकाला पिकून लाल झालेले. तांबडा रंग वीस ते पंचवीस अंशांत उत्तम चढतो. तिशीपुढच्या उष्णतेत तो नीट तयार होत नाही आणि फळ नारिंगीवर थांबते. म्हणजे रंगासाठीही हिवाळाच हवा. जानेवारीत पारा सहा-सात अंशांवर उतरला तेव्हा रात्री कुंड्यांवर जुने धोतर घातले.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. भाजीचा खर्च वाचेल म्हणून हे झाड लावणार असाल, तर लावू नका. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोचा भाव किलोला शंभराच्या वर गेला तेव्हा कित्येकांनी आम्हांस रोपे मागितली. त्यांना आम्ही हेच सांगितले. चार कुंड्यांतून हंगामात मिळून दोन-अडीच किलो फळ निघाले. साराला आम्ही आजही हातगाडीवरचेच टोमॅटो घेतो. तेथे 'टमाटर' म्हणतो आणि उंबरठ्याच्या आत 'टोमॅटो'; शिवाय आमची नागपूरची आत्या 'भेदरे' म्हणते. मूळ शब्द मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतला 'तोमात्ल', तेव्हा कोणीच कोणाला हसू नये. कुंडीतली फळे मात्र अर्धी चिरून, मीठ-साखर आणि कोथिंबीर लावून, कोशिंबिरीत किंवा देठावरूनच तोंडात.

ह्या जातीचा एक गुण आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. ती संकरित नाही. तिचे बी धरले तर पुढच्या वर्षी तेच झाड येते. मातोश्रींनी सर्वांत सुबक झाडाची चार फळे पूर्ण पिकू दिली, गर पेल्यात पिळून थोडे पाणी घातले आणि तीन दिवस ठेवला. वर बुरशीचा पापुद्रा आला, बियांभोवतीचा बुळबुळीत थर सुटला. हा थर बी रुजण्यास अटकाव करतो. मग धुऊन, बुडाला बसलेले बी ताटलीत सावलीला वाळविले. कागदावर वाळविले तर चिकटून बसते. वाळलेले बी राखेत घोळून जुन्या लग्नपत्रिकांच्या कागदाच्या पुड्यांत बांधले, आणि प्रत्येकीवर स्वहस्ते लिहिले : 'टोमॅटो, बुटका. ऋषिपंचमीला पेरणे.' कोरड्या जागी असे बी चार वर्षे सहज टिकते.

एक पुडी ग्वाल्हेरला विहीणबाईंकडे गेली, एक आमच्या कन्येकडे वडोदऱ्यास. ऑक्टोबरात एका रात्री कन्येचा दूरध्वनी आला. तिला आमच्याशी बोलावयाचे नव्हतेच.

"आजी, पानं सगळी सुरकुतली आहेत गं. उपटून टाकू का?"

"अगं, उपटू नकोस! आधी मला सांग, हिरवी आहेत की पिवळी?"

त्या रात्री आमचे जेवण पाऊण तास खोळंबले.