कामठी मार्गावरील हवामान-कर्ज: एका दशकाचा मागोवा

हवामान बदलाला तोंड देणाऱ्या विकसनशील देशांसाठी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू, असे वचन श्रीमंत देशांनी २००९ साली कोपनहेगनच्या परिषदेत दिले. ते २०२२ मध्ये पुरे झाले, आणि त्यातील सरकारी पैशाचा मोठा भाग अनुदान, म्हणजे परत न करावयाची रक्कम, नसून कर्ज होता. ‘मदत’ या शब्दाचा हा व्यवहारी अर्थ ध्यानात घेतल्याखेरीज उत्तर नागपुरातील जरीपटक्यालगत काय घडले याचे मोल नीट करता येत नाही.

फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीतून वाढलेल्या जरीपटक्याजवळून कामठी मार्ग जातो आणि त्यावरूनच नागपूर मेट्रोची नारिंगी मार्गिका धावते. केंद्र सरकारने २०१४ मध्ये मान्यता दिलेल्या या मेट्रोसाठी केएफडब्ल्यू या जर्मन सरकारच्या विकास बँकेने २०१६ मध्ये ५० कोटी युरोंचे, तर एएफडी या फ्रेंच विकास संस्थेने १३ कोटी युरोंचे कर्ज दिले. खापरी ते सीताबर्डी हा दक्षिणेकडील भाग मार्च २०१९ मध्ये सुरू झाला. इंदोरा, नारी रोड आणि ऑटोमोटिव्ह चौक या उत्तरेकडील स्थानकांना मात्र डिसेंबर २०२२ उजाडावा लागला.

अभ्यासक हवामानविषयक कामाचे दोन भाग मानतात: उत्सर्जन घटवणे म्हणजे शमन, आणि बदललेल्या हवामानात तग धरण्याची तजवीज म्हणजे अनुकूलन. वाहनांचा धूर कमी करू पाहणारी, स्थानकांच्या छपरांवर सौरपट्ट्या बसवणारी मेट्रो हे शमन होय, आणि ते मोलाचेच आहे; परंतु ज्या शहराचा पारा मे महिन्यात ४७ अंशांपलीकडे गेलेला आहे, तेथे पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्याची निकड अनुकूलनाची असते. तिकिटातून निदान काही उत्पन्न येते, रस्त्याकडेच्या सावलीतून येत नाही, म्हणून कर्ज देणाऱ्याचा कल कोणीकडे राहणार हे उघड आहे.

कर्जातून अनुकूलनही साधता येते, हे ‘पोकरा’ या नावाने खेडोपाडी ओळखल्या जाणाऱ्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने दाखवले. जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जावर २०१८ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात शेततळी, ठिबक सिंचन यांसाठीचे अनुदान थेट शेतकऱ्याच्या खात्यात जमा होऊ लागले. त्याच्या पहिल्या टप्प्यात विदर्भातून अमरावती विभागाचे पाचही जिल्हे आणि वर्धा होते, नागपूर नव्हते. आणि प्रकल्प मुळातच शेतीचा असल्याने जरीपटक्यासारख्या शहरी वस्तीतील उन्हाळा त्याच्या कक्षेत येतच नव्हता.