मोबाईलची किंमत नव्हे, काम बघा!

सणासुदीचे दिवस आले की मोबाईलच्या दुकानांवर गर्दी उसळते. ‘शून्य टक्के व्याज’, ‘जुना द्या, नवा घ्या’, ‘आज घ्या, पुढच्या महिन्यापासून भरा’ अशा पाट्या झळकतात. महिन्याला पंधरा-वीस हजार कमावणारा तरुण साठ हजारांचा फोन हप्त्यांवर घेतो. त्या हप्त्यांपायी घरातल्या मुलीची फी लांबते, आईच्या औषधाला हात आखडता घ्यावा लागतो. ही ज्याची त्याची हौस आहे, असे म्हणून हा विषय सोडून देता येणार नाही. कारण मोबाईल आता चैनीची वस्तू राहिलेला नाही. बँकेचे व्यवहार, शिष्यवृत्तीच्या अर्जाचा ओटीपी, कोर्टाची तारीख, गाडीचे कागद, रेल्वेचे तिकीट हे सारे या एका यंत्रात आले आहे. म्हणूनच फोन निवडताना डोके ठिकाणावर ठेवणे अगत्याचे झाले आहे.

वास्तविक पाहता बाजारात जाती दोनच आहेत. २००७ साली आलेला ॲपलचा आयफोन आणि २००८ पासून निरनिराळ्या कंपन्यांच्या फोनवर चालणारी गुगलची ॲण्ड्रॉईड प्रणाली. आता प्रश्न असा की, सामान्य माणसाला रोज लागणारी ॲप्स महाग फोनवर जास्त चालतात काय? उत्तर स्पष्ट आहे, नाही. पैसे पाठवणारे भीम, कागदपत्रांचे डिजिलॉकर, खटल्याची माहिती देणारे ई-कोर्ट्स, जुलै २०२५ मध्ये आलेले रेल्वेचे रेलवन आणि व्हॉट्सॲप ही सगळी ॲप्स दोन्ही प्रणालींवर फुकट मिळतात. सोळा आकडी-अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की खटल्याची पुढची तारीख अठरा हजारांच्या फोनवर दिसते, तीच साठ हजारांच्या फोनवरही दिसते. न्यायालय महागड्या फोनवाल्याला लवकरची तारीख देत नाही!

मग फरक कशात आहे? पहिला फरक आयुष्याचा. फोन हातातून पडून फुटला नाही तरी तो एक दिवस निकामी होतो, कारण कंपनी त्याला सुरक्षेचे अपडेट देणे थांबवते. मग हळूहळू ॲप्सही साथ सोडतात. व्हॉट्सॲपने २०२५ मध्ये ॲण्ड्रॉईडच्या ४.४ या जुन्या आवृत्तीवर चालणे बंद केले आणि त्याच वर्षी आयफोन ६ वरही ते बंद झाले. या बाबतीत आयफोनची बाजू पूर्वीपासून भक्कम आहे. २०१८ मध्ये आलेल्या आयफोन एक्सआरला २०२४ ची नवी प्रणालीही मिळाली होती. उलट स्वस्त ॲण्ड्रॉईड फोनना दोन-तीन वर्षांतच वाऱ्यावर सोडण्याची रीत होती. पण आता चित्र पालटले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी ए१६ हा ५जी फोन १८,९९९ रुपयांपासून भारतात आणला आणि त्याला सहा वर्षे सुरक्षा अपडेट देण्याचे आश्वासन दिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या आयफोन १६ई ची किंमत ५९,९०० रुपये होती. सहा वर्षांनी भागले तर पहिला वर्षाला सुमारे तीन हजारांना पडतो, दुसरा जवळजवळ दहा हजारांना. आयफोन आणखी एखादे वर्ष टिकला तरी हिशेब फारसा बदलत नाही. शिवाय ए१६ मध्ये मेमरी कार्ड घालता येते, आयफोनमध्ये ती सोयच नाही. दुकानदार कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगतो, अपडेटची वर्षे सांगत नाही. ती आपण विचारली पाहिजेत.

दुसरा फरक सुरक्षेचा, आणि येथे आयफोनला न्याय द्यावा लागेल. आपल्याकडे सामान्य माणसाला आयफोनवर ॲपलच्या ॲप स्टोअरच्या बाहेरून ॲप टाकता येत नाही. ॲण्ड्रॉईडवर मात्र व्हॉट्सॲपवर आलेली ‘एपीके’ नावाची फाईल उघडून परवानगी दिली की ॲप फोनमध्ये शिरते. लग्नाची पत्रिका, वाहतुकीचे चलन, बँकेचे केवायसी अशा नावांनी याच फाईली फिरवल्या जातात आणि ओटीपी वाचून खाते रिकामे केले जाते. पण या संकटावरचा उपाय चाळीस हजार रुपये जास्त मोजणे हा नव्हे. प्ले स्टोअरशिवाय कुठलेही ॲप घ्यायचे नाही आणि अशी फाईल कोणाकडूनही आली तरी उघडायची नाही, एवढा नियम घरातल्या प्रत्येकाने पाळला तर स्वस्त फोनही पुरेसा सुरक्षित राहतो.

आता ॲप्सची तुलना. भीम, फोनपे, गुगल पे यांपैकी कोणते चांगले, यावर घरोघरी वाद चालतात. ही सारी ॲप्स २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय या एकाच व्यवस्थेवर चालतात आणि पैसे बँकेच्या खात्यातूनच जातात. ३० डिसेंबर २०१६ रोजी सुरू झालेल्या ‘भीम’शी बाबासाहेबांचे नाव जोडले गेले म्हणून आपल्याला ते जवळचे वाटते, हे खरे. परंतु निवड नावावर नव्हे, उपयोगावर करावी. आणि ॲप कोणतेही असो, पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. ‘पैसे पाठवतोय, पिन टाका’ म्हणणारा माणूस चोर आहे, हे पक्के समजावे. ज्यांच्याकडे साधा बटनांचा फोन आहे त्यांनाही *९९# वरून इंटरनेटशिवाय यूपीआय वापरता येते.

निरोपाच्या ॲप्समध्ये मात्र खरा फरक आहे. व्हॉट्सॲप आणि सिग्नलवरचे संभाषण मधल्या कोणाला वाचता येत नाही. टेलिग्रामवर ही सोय फक्त ‘सिक्रेट चॅट’मध्ये आहे, साध्या संभाषणाला आणि ग्रुपला नाही. अनेक कार्यकर्ते याच्या नेमके उलट समजून बसले आहेत. डिजिलॉकरचेही तसेच. सरकारी खात्याकडून थेट त्यात आलेला दस्त मूळ दस्ताच्या बरोबरीचा मानला जातो. आपणच स्कॅन करून चढवलेल्या कागदाला तो दर्जा नाही. तेव्हा मूळ जातीचा दाखला सांभाळूनच ठेवावा.

सर्वांत घातक ॲप्स झटपट कर्जाची. फोनमधले नंबर आणि फोटो उचलायचे आणि हप्ता चुकला की नातेवाईकांत बदनामी करायची, हा यांचा धंदा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये बजावले की, कर्जाच्या ॲपने फोनमधले नंबर, फाईली वा कॉलची नोंद घेऊ नये. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात जावी आणि व्याज-शुल्काचा पूर्ण तपशील आधी द्यावा. जे ॲप नंबरांची यादी मागते ते त्याच क्षणी काढून टाकावे. दमदाटी झाली तर घाबरून पैसे भरू नयेत, तक्रार करावी.

वकील म्हणून आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. मारहाण, धमकी, अतिक्रमण यांचे चित्रण आज मोबाईलवरच होते. पण न्यायालयात ते टिकते काय? जालन्याच्या निवडणूक वादातील अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले की, मूळ उपकरणच हजर केले नसेल तर प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. सबब, चित्रण केलेला फोन विकू नये, त्यातली मूळ फाईल पुसू नये. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो, म्हणून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. येथेही फोनची किंमत उपयोगी पडत नाही, काळजी उपयोगी पडते.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार? जागा किमान १२८ जीबी आहे काय? दुरुस्तीचे केंद्र आपल्या तालुक्यात आहे काय? आणि प्रक्रिया शुल्कासह सगळे हप्ते मिळून एकूण किती रुपये जाणार? घेतल्यावर *#०६# दाबून येणारा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक वहीत लिहून ठेवा. फोन चोरीस गेला तर पोलिसांत तक्रार देऊन ‘संचार साथी’वर तो क्रमांक बंद करता येतो. खात्यातून पैसे गेले तर क्षणाचाही विलंब न करता १९३० वर फोन करा.

महागड्या फोनने माणसाची पत वाढत नाही. ती वाढते ती वेळेवर भरलेल्या फीने, सांभाळलेल्या कागदाने आणि कर्जमुक्त घराने. फोन या तिन्हींच्या कामी आला पाहिजे, त्यांच्या मुळावर उठता कामा नये!