एका गावात ब्लँकेटचा ढीग, शेजारची वाडी रिकामी. सामाजिक संस्थांना ‘नेटवर्क’ का लागतं?

पूर किंवा भूकंपानंतर अनेकदा दिसणारं हे चित्र. मदतीचे ट्रक रस्त्यालगतच्या गावात थांबतात. तिथे एकाच घरात तीन-तीन ब्लँकेट पोहोचतात आणि आतल्या वाडीत कुणी फिरकतच नाही. इथे मदत कमी पडलेली नसते. कमी पडतो तो संस्थांचा आपसातला संपर्क.

कच्छमध्ये काय घडलं?

जून 1998मध्ये गुजरातच्या कच्छला चक्रीवादळाचा तडाखा बसला. त्यानंतर तिथल्या स्वयंसेवी संस्था एकत्र आल्या आणि ‘कच्छ नवनिर्माण अभियान’ उभं राहिलं. 26 जानेवारी 2001 रोजी भूकंप झाला, तेव्हा या संस्था एकमेकींना ओळखत होत्या. बाहेरून मदतीचा ओघ सुरू झाल्यावर अभियानाने गावांच्या गटांसाठी ‘सेतू’ केंद्रं उघडली. (आपल्याकडच्या दाखल्यांच्या सेतू केंद्राशी याचा संबंध नाही.) कोणत्या गावाला काय हवं, हे ही केंद्रं बाहेरच्या संस्थांना सांगत आणि सरकारच्या भरपाईचे नियम गावकऱ्यांना समजावत.

गणित काय सांगतं?

10 संस्थांनी प्रत्येकीशी स्वतंत्र संपर्क ठेवायचा, तर 45 जोड्या होतात. एक समन्वय केंद्र असेल, तर 10 दुवे पुरतात. फोनाफोनी वाचते आणि गावांची यादी एकच राहते.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण खर्चाची. ब्लँकेटसाठी देणगी मिळते, पण समन्वयकाच्या पगारासाठी मिळवणं कठीण जातं.

दुसरी कायद्याची. सप्टेंबर 2020मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात, म्हणजे एफसीआरएमध्ये दुरुस्ती झाली. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेला तो आता दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. त्याआधी नोंदणीकृत संस्था दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला असा निधी देऊ शकत होती. या निधीतून प्रशासकीय खर्च करण्याची मर्यादाही 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. त्यामुळे शहरातल्या मोठ्या संस्थेमार्फत गावातल्या छोट्या संस्थेकडे परदेशी पैसा जाण्याची वाट बंद झाली. भारतात जमवलेल्या देणग्यांना मात्र हा कायदा लागू नाही.

आता काय करता येईल?

माहिती वाटून घेण्यावर या दुरुस्तीने बंदी आणलेली नाही. तालुक्यातल्या संस्थांनी कोण कोणत्या गावात काम करतं याची एकच यादी ठेवणं, संपर्कासाठी एक माणूस ठरवणं आणि पावसाळ्याआधी एकदा भेटणं, एवढ्यानेही सुरुवात होते.

कच्छमधली ओळख भूकंपाच्या अडीच वर्षं आधीची होती. ट्रक दारात उभे राहिल्यावर ती करून घ्यायला वेळ मिळत नाही.