दुपारचं विमान

मैत्रिणींनो, दुपारचे दोन वाजलेत. जेवणं झालीत, ओटा आवरलाय, सासूबाई जरा आडव्या झाल्यात. अशा वेळी तुम्ही काय करता? कुणी शेंगा निवडत असेल, कुणी घटकाभर डोळा लावत असेल. मी मात्र विमान उडवते!

हसू नका. जुळे सोलापुरातल्या आमच्या घरात विमान कसं आलं, ते सांगते. भाचा नोकरीसाठी परगावी निघाला आणि जाताना आपला संगणक नि एक जॉयस्टिक आमच्या लेकीला देऊन गेला. जॉयस्टिक म्हणजे विमान वळवायचा दांडा. संगणकात विमान चालवण्याचा सराव करायचा कार्यक्रम होता, त्याला सिम्युलेटर म्हणतात. लेक नववीत. महिनाभरात तिनं जाहीर केलं, "आई, मी पायलट होणार."

सासूबाई म्हणाल्या, "पोरीच्या जातीला हे काय वेड!" हे नेहमीप्रमाणे गप्प राहिले. आणि मी? मी सासूबाईंच्या वरताण झाले. "परीक्षा होईपर्यंत ते यंत्र बंद!" असं सांगून मोकळी झाले. लेक रडली नाही, फक्त म्हणाली, "तू एकदा बसून तर बघ. तुला स्कूटरचीसुद्धा भीती वाटते, म्हणून तू मला नको म्हणतेस."

हे मात्र वर्मी लागलं. दोन वर्षांपूर्वी विजापूर रोडवर मी स्कूटरवरून घसरले. हात मोडला, तो जुळला. पण स्कूटर जी भिंतीला लागली ती लागलीच. तेव्हापासून शाळेत शिकवायला जायचं तर यांनी सोडावं, नाहीतर रिक्षा. वर कारण तयार, "पेट्रोल किती महाग झालंय!"

म्हणून एका दुपारी, घरात कुणी बघत नाहीसं पाहून, बसले.

माझं विमान म्हणजे सेसना १७२. चार माणसांचं, एका इंजिनाचं. १९५५ साली ते पहिल्यांदा उडालं आणि आजवर अशी ४४ हजारांहून जास्त विमानं बनली. जगभरातले कितीतरी वैमानिक याच्यावरच शिकले. म्हणजे शिकाऊंची सायकलच म्हणा ना! समोर घड्याळांसारख्या तबकड्या असतात. एक वेग दाखवते, एक उंची, एक दिशा. दांडा मागे ओढला की नाक वर, पुढे लोटला की खाली. डावी-उजवीकडे कलवला की पंख कलतात.

पहिल्या दिवशी मी धावपट्टीवरून थेट गवतात गेले. लेकीनं नंतर समजावलं, की पूर्ण जोर दिला की हे विमान डावीकडे ओढ घेतं, म्हणून उजवं पॅडल दाबायचं. आमच्याकडे पॅडल नाही, दांडाच पिळायचा. वेग ५५ नॉटला आला की दांडा अलगद मागे घ्यायचा. अलगद म्हणजे तव्यावर धिरडं उलटताना घेतो तसं. ओढाताण केली की फाटलंच.

चौथ्या दिवशी होटगी रोडच्या आपल्या विमानतळावरून मी वर गेले. खालची जमीन उपग्रहातून घेतलेल्या छायाचित्रांवरून केलेली असते. सिद्धेश्वर तलाव दिसला, मध्ये देऊळ. पुढे हिप्परग्याचा तलाव. ज्या गावात चौथ्या-पाचव्या दिवशी येणाऱ्या पाण्याची वाट पाहत जन्म चाललाय, ते गाव वरून असं शांत दिसतं! बायांनो, डोळ्यांत पाणी आलं.

आणि त्याच आनंदात मी नाक आणखी वर केलं. वेग उतरत गेला, पन्नासच्या आसपास भोंगा वाजायला लागला. मी घाबरून दांडा आणखी मागे ओढला आणि विमान दगडासारखं खाली गेलं.

याला स्टॉल म्हणतात. इंजीन बंद पडत नाही, पंख दगा देतो. नाक फार उचललं की पंखावरून वाहणारी हवा सुटते आणि उचलून धरणारा जोर नाहीसा होतो. उपाय मनाला न पटणारा आहे. विमान पडत असताना नाक खालीच करायचं. मग वेग येतो, पंख पुन्हा हवा धरतो, मग जोर देऊन सावकाश वर यायचं. मला हे जमायला आठवडा लागला. डोक्याला कळत होतं, हात ऐकत नव्हता. स्कूटर घसरली तेव्हाही मी असाच घाबरून पुढचा ब्रेक आवळला होता, हे तेव्हा ध्यानात आलं.

जमिनीवर बसून उडायला शिकायची ही युक्ती आजची नाही. अमेरिकेत एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवण्याचा कारखाना होता. आपल्या बाजाच्या पेटीत असतो तसला भाता वापरून लिंक यांनी १९२९ साली एक खोटं विमान केलं, ते जागच्या जागी कलायचं, वळायचं. आधी कुणी गंभीरपणे घेईना. १९३४ साली टपाल नेताना खराब हवेत लष्कराचे वैमानिक मेले, तेव्हा लष्करानं सहा यंत्रं विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यावर तयार झाले.

आणि 'पोरीची जात' म्हणाल, तर सरला ठकराल यांनी १९३६ साली, एकविसाव्या वर्षी, साडी नेसून विमान उडवलं. तेव्हा त्यांची मुलगी चार वर्षांची होती. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कोलकात्याहून सिल्चरला फोकर विमान नेलं, तेव्हा शेजारची सहवैमानिकही बाईच होती. आज आपल्या देशातल्या वैमानिकांत सुमारे १५ टक्के बायका आहेत. जगाच्या सरासरीच्या कितीतरी पुढे! हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "साडी नेसून? निऱ्या कशा सावरल्या असतील?" पण रागावल्या नाहीत.

तुमच्या घरी असा हट्ट आला तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. 'फ्लाइटगिअर' नावाचा सिम्युलेटर फुकट मिळतो, महागडा संगणक लगेच घेऊ नका. घरच्या सरावाचे तास परवान्यासाठी धरत नाहीत. व्यावसायिक परवान्याला वय १८ लागतं आणि २०० तासांचं खरं उड्डाण. त्याचा खर्च काही लाखांत नव्हे, अर्ध्या कोटीच्या घरात जाऊ शकतो, तेव्हा शिष्यवृत्ती आणि कर्जाची चौकशी आधी करा. मुलीनं गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नये. चष्मा आहे म्हणून मात्र निराश होऊ नका. चष्म्यानं नजर नीट होत असेल तर चालतं.

आमच्याकडे एवढा पैसा कुठून येणार, मला माहीत नाही. लेक पायलट होईल की दोन वर्षांत दुसरंच काही म्हणेल, तेही माहीत नाही. तिला मी एवढंच सांगितलं, "अभ्यास झाला की रोज एक तास. आणि आता 'नको' म्हणायचं झालं, तर हिशेब मांडून म्हणेन, भीतीनं नाही."

गेल्या सोमवारी स्कूटर धुतली, हवा भरली आणि शाळेत एकटी गेले. विजापूर रोडच्या त्या वळणावर हात घट्ट झाले. मी मनात म्हटलं, "आवळू नकोस, अलगद." आणि वळण मागे पडलं.

हे संध्याकाळी म्हणाले, "पेट्रोल महाग झालंय ना?"

मी म्हटलं, "विमानापेक्षा स्वस्तच आहे!"