युद्धकाळातील मुलीची जडणघडण : ‘रमा माधव’ चित्रपटाच्या संदर्भात

प्रस्तावना

मराठी ऐतिहासिक चित्रपटाने युद्ध प्रामुख्याने रणांगणावर दाखविले. त्याच काळात घरात वाढणाऱ्या मुलींकडे त्याचे लक्ष क्वचितच गेले. मृणाल कुलकर्णी दिग्दर्शित ‘रमा माधव’ (२०१४) हा चित्रपट या दृष्टीने अभ्यसनीय आहे. थोरले माधवराव पेशवे व रमाबाई यांच्या सहजीवनाची कथा म्हणून तो ओळखला जातो. तथापि, बालवधू म्हणून शनिवारवाड्यात आलेल्या मुलीच्या जडणघडणीची कथा म्हणूनही त्याचे वाचन करता येते. तसे केल्यास या चित्रपटाचे सामर्थ्य आणि त्याच्या शेवटातून उपस्थित होणारा प्रश्न, दोन्ही स्पष्ट होतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव मारले गेले व सदाशिवरावभाऊही परतले नाहीत. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब पेशव्यांचे निधन झाले आणि अवघ्या सोळा वर्षांच्या माधवरावांकडे पेशवेपद आले. पुढील अकरा वर्षे निजाम, हैदर अली व नागपूरकर भोसले यांच्याशी संघर्ष चालू राहिला. १७६३ मध्ये निजाम व जानोजी भोसले यांच्या फौजांनी खुद्द पुणे लुटले. वऱ्हाडही या धामधुमीपासून दूर नव्हते. १७६९ च्या कनकापूरच्या तहात भोसल्यांनी पेशव्यांना द्यावयाच्या वार्षिक नजराण्यात वाशीम व बाळापूर येथे विणलेल्या कापडाचा समावेश होता. याखेरीज एक युद्ध घरातलेच होते. रघुनाथराव व माधवराव हे काका-पुतणे एकमेकांविरुद्ध लढले आणि १७६८ च्या धोडपच्या लढाईनंतर रघुनाथरावांना शनिवारवाड्यातच नजरकैदेत ठेवण्यात आले.

चित्रपटातील स्त्रीविश्व

चित्रपटात बालपणीची रमा श्रुती कार्लेकर हिने, तर तरुण रमा पर्ण पेठे हिने साकारली आहे. युद्ध या मुलीपर्यंत पोहोचते ते मोहिमेवर निघणाऱ्या पुरुषांच्या, उशिरा येणाऱ्या वार्तांच्या आणि रिकाम्या होत जाणाऱ्या वाड्याच्या रूपाने. लढणाऱ्याला रण दिसते. मागे राहणाऱ्याच्या वाट्याला केवळ प्रतीक्षा येते. या प्रतीक्षेतच रमेचे बालपण संपते.

तिच्याभोवती तीन वडीलधाऱ्या स्त्रिया आहेत. गोपिकाबाईंनी (मृणाल कुलकर्णी) एकाच वर्षी थोरला पुत्र व पती गमावले. पार्वतीबाईंनी (श्रुती मराठे) सदाशिवरावांचा मृत्यू अखेरपर्यंत मान्य केला नाही व वैधव्य स्वीकारले नाही. आनंदीबाई (सोनाली कुलकर्णी) यांचा पती रमेच्या पतीचा प्रतिस्पर्धी ठरला. म्हणजेच रमेच्या डोळ्यांसमोर दुःख, आशा आणि महत्त्वाकांक्षा यांची तीन रूपे वावरत होती. युद्धकाळात स्त्रीने कसे जगावे, याचे उत्तर त्या घरातही एकच नव्हते.

उल्लेखनीय बाब अशी की, दूरदर्शनवरील ‘स्वामी’ मालिकेत रमाबाईंची भूमिका मृणाल कुलकर्णी यांनीच किशोरवयात केली होती. एकेकाळी रमा झालेली अभिनेत्री येथे गोपिकाबाई होऊन त्याच मुलीकडे सासूच्या भूमिकेतून पाहते.

शेवटाचा प्रश्न

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवरावांचे क्षयाने निधन झाले व रमाबाई सती गेल्या. वयात येण्याच्या कथेत नायिका सामान्यतः स्वतंत्र जीवनाच्या उंबरठ्यावर येऊन पोहोचते. येथे मात्र तिचे जीवनच संपते. प्रेमकथा म्हणून पाहणाऱ्यास हा शेवट प्रेमाची परिपूर्ती वाटतो. जडणघडणीची कथा म्हणून पाहणाऱ्यास मात्र तो एका तरुण स्त्रीच्या आयुष्याचा अकाली छेद वाटतो.

त्यामुळे वर्गात हा चित्रपट शिकविताना अध्यापकाने गोपिकाबाई व पार्वतीबाई यांचे उत्तरायुष्य विद्यार्थ्यांसमोर ठेवणे अगत्याचे आहे. त्याच घराण्यातील या दोन स्त्रिया सती गेल्या नाहीत. पानिपतानंतर अनेक वर्षे त्या जगल्या. सदाशिवरावांचे नाव घेऊन आलेल्या तोतयाला १७७६ मध्ये देहदंड झाला, तेव्हाही पार्वतीबाई हयात होत्या. सतीगमन ही त्या काळातील अटळ नियती नव्हती, हे यावरून दिसते. १८२९ मध्ये बंगाल इलाख्यात सतीबंदीचा कायदा झाला. राजस्थानातील देवराळा येथील १९८७ च्या घटनेनंतर करण्यात आलेल्या केंद्रीय अधिनियमाने सतीचे उदात्तीकरणही दंडनीय ठरविले. हा संदर्भ दिल्याशिवाय चित्रपटाचा शेवट दाखविल्यास करुण रसाचे रूपांतर नकळत गौरवात होण्याचा संभव आहे.

समारोप

युद्धाचा इतिहास तह, मोहिमा व तारखा यांतून शिकविला जातो. त्या तारखांच्या मधल्या काळात घरातील मुली कशा वाढल्या, हा प्रश्न विचारण्याची संधी ‘रमा माधव’ उपलब्ध करून देतो. रमेबद्दल सहानुभूती बाळगूनही तिच्या अंताचे समर्थन न करणे शक्य आहे. हा विवेक विद्यार्थ्यांत रुजला, तर चित्रपटाचे अध्यापन सार्थकी लागले असे म्हणता येईल.